शेवटच्या धुऱ्यापलीकडे

मोहबोडीच्या थोरल्या तलावाचं तुडुम वीस वर्षं अंतकला कापगतेच्या हातात होतं, आणि त्या कामात तिचा हात धरणारं आसपासच्या बारा गावांत कोणी नव्हतं. तुडुम म्हणजे तलावाच्या पाळीतली दगडी मोरी. तिला वरपासून खालपर्यंत भोकं आणि भोकांत लाकडी दट्टे. किती दट्टे काढायचे, पाणी धानाच्या कोणत्या बांधीतून, म्हणजे वाफ्यातून, कोणत्या बांधीत न्यायचं, कुणाचा धुरा, म्हणजे मधला मातीचा बांध, कुठे फोडायचा, हे ज्याच्या शब्दावर चालतं तो पाणकर. भंडाऱ्याकडच्या तलावांच्या गावात सरपंच निवडून येतो आणि पडतो. पाणकर मात्र टिकतो, कारण त्याच्यावाचून धान पिकत नाही.

हे तलाव ज्यांनी बांधले त्यांनी कागदावर एक रेघ मारली नव्हती. उतार पायांनी मोजला, माती जिभेवर ठेवून पारखली आणि तीनशे वर्षं टिकेल अशी पाळ घातली. आज आठ इंजिनिअर मिळून एक बंधारा बांधतात आणि तो तिसऱ्या पावसाळ्यात बसतो. असो. त्या जुन्या माणसांनी आणखी एक शहाणपण केलं होतं. थोरल्या तलावाचं पाणी पासष्ट एकर धानाच्या बांध्यांतून हळूहळू उतरत खालच्या धाकट्या तलावात मुरावं, अशी एकाखाली एक साखळी त्यांनी बसवली होती. धाकट्या तलावाच्या काठी ढिवरटोली. वरचे धान पिकवणार, खालचे मासे धरणार आणि शिंगाडे लावणार. पाणी एकच, फक्त घरं दोन.

या साखळीत शेवटची बांधी मंसाराम उईकेची, जेमतेम दोन एकर. अंतकलाचा सासरा पाणकर होता तेव्हा पाणी मंसारामपर्यंत पोचायला अडीच दिवस लागत. मधल्या वाटेत कोणी धुरा बुजवी, कोणी आपल्याकडे वळवून घेई. सासऱ्यानंतर पावडं अंतकलाच्या हाती आलं, त्याच वर्षी ऐन निसवणीच्या वेळी मंसारामचा धान उभ्या-उभ्या करपला. ती त्याच्या धुऱ्यावर उभी राहून ते पाहत होती. तो नुसता ओंब्या चोळून फोलपटं उडवत होता.

पुढच्या हंगामात तिने एक गोष्ट केली. जुने पाणकर एका धुऱ्याचं तोंड उजव्या कोपऱ्यात फोडत आणि त्याच्या खालच्याचं डाव्या कोपऱ्यात. पाणी बांधीभर हिंडून मगच खाली जाई. अंतकलाने सगळी तोंडं एका रेषेत पाडली. पाण्याला वळण उरलं नाही आणि कोणाला चोरायला उसंतही मिळेना. सकाळी सातला तिने दट्टा काढला की दुपारी चारच्या आत मंसारामच्या धानाला पाणी लागलेलं असे. गाव म्हणू लागलं, अंतकलाचं पाणी चालत नाही, धावते. परगावचे पाणकर बघायला येत.

मंसारामच्या धुऱ्याशी पाणी पोचलं की ती पावड्याचं पातं त्यात बुडवी, ओला हात कपाळाला लावी आणि मागे फिरे. वीस वर्षांत तिने तो धुरा ओलांडला नव्हता. सासऱ्याने शिकवलं होतं, शेवटच्या धुऱ्याशी पाणकराचं काम संपतं. पुढचं पाणी ढिवरांचं.

ढिवरांच्या पाण्याचं काय झालं ते सांगतो.

आधी कडेला हिरवी साय धरली. मग देवधान गेलं, आपोआप उगवायचं ते. मग चार वर्षं सारखं भादव्यात एखाद्या पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडी टाकू लागले आणि उजाडेपर्यंत पांढरी पोटं काठाला लागू लागली. कारण कोणा शास्त्रज्ञाला विचारायची गरज नव्हती, पण ते समजून घ्यावं. युरिया धानासाठी टाकतात. बांधीतून वाहून तो तलावात गेला की शेवाळाला खत होतो. शेवाळ माजतं, मरतं, कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. माशाला विष कोणी दिलेलं नसतं. पाण्यात असूनही त्याचा श्वास कोंडतो.

चौथ्या वर्षी रायवंता दिघोरेने मेलेल्या माशांनी भरलेली टोपली आणून ग्रामपंचायतीच्या पायरीवर उपडी केली. रायवंता ढिवरटोलीच्या बायकांच्या मासेमारी संस्थेची अध्यक्ष. अंतकला आणि ती सातवीपर्यंत एका बाकावर बसलेल्या.

"घ्या," ती म्हणाली. "तुमच्या खताचं पीक आलं."

नरहरी संग्रामे तिथेच बसला होता. साखळीतली सगळ्यात वरची अठरा एकर त्याची. तो हसला. "बाई, वर पासष्ट एकर आहे. त्यातलं कोणाचं खत? युरियावर माझं नाव लिहिलं आहे का?"

लोक हसले. पण एक मुलगी हसली नाही. रायवंताची प्रांजली नागपूरच्या प्रयोगशाळेत काम करत होती आणि सुट्टीला आलेली होती. आईच्या मागे उभी राहून ती म्हणाली, "काका, लिहू या ना मग."

दोन वर्षांनी, म्हणजे सन दोन हजार त्रेचाळीसच्या मे महिन्यात, ती खरंच लिहून घेऊन आली.

ग्रामसभेत तिने टेबलावर काचेच्या अकरा बरण्या मांडल्या. आत पिठासारखी पांढरी पूड. "याला मी खूणकण म्हणतो," तिने सांगितलं. "वाळूपासून केलेलं कवच आहे, डोळ्याला न दिसणारं. त्याच्या पोटात डीएनएचा एक तुकडा. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी. आपल्या अंगात असते तशीच, पण ही मी बसून लिहिलेली. तिच्यातून काही जन्मत नाही, काही मरत नाही. नुसतं नाव आहे. अकरा शेतकरी, अकरा चिठ्ठ्या. ज्याचा युरिया, त्यात त्याचीच पूड. खत जिथं जाईल तिथं नाव जाईल."

"म्हणजे युरियाले आधार कार्ड," मागून कोणी तरी म्हणालं.

"तसंच. आणि धाकट्या तलावाच्या तोंडाशी माझी पेटी बसंल. दर तासाला घोटभर पाणी ओढंल, कवच फोडंल, चिठ्ठी वाचंल. कोणाचं किती आलं आणि किती वाजता आलं, दोन्ही सांगंल. चार महिन्यांत कवच आपोआप विरघळते. मी स्वतः पिऊन बघितलं आहे."

"मंग आता तुझ्या पोटातून कोणाचं नाव निघालं ते पेटीले विचारा लागंल," मंसाराम म्हणाला आणि सगळ्यात मोठ्याने तोच हसला.

सभा ऐकत राहिली. मीही अशा सभा पुष्कळ पाहिल्या आहेत. शहरातून साहेब येतो, पडद्यावर रंगीत गोल दाखवतो आणि जेवून जातो. ही पोरगी याच तलावात जाळं ओढत वाढली होती. तिने लोकांना अडाणी समजून सोपं केलं नाही आणि शहाणी दिसावी म्हणून अवघडही केलं नाही. अशी माणसं देशात मूठभर आहेत आणि त्यांना आपण बहुधा अर्ज लिहायला बसवतो.

नियम नरहरीनेच मांडला. एकरी ज्याचं खत सगळ्यात जास्त वाहून जाईल, त्याला दोन हंगाम तुडुमाचं पाणी बंद. सगळ्यांना वाटलं, नरहरीभाऊ सरळ माणूस झाला. तो सरळ नव्हता. वरच्या शेतातलं खत खालच्या दहा बांध्या अडवतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेवटच्याच्या खाली अडवणारं कोण असतं?

भादव्यातल्या एका दुपारी प्रांजली अंतकलाच्या ओसरीवर आली. अंतकला तांदूळ पाखडत होती.

"मावशी, परवा सभेत वाचायचं आहे. आधी तुले सांगतो. मंसाराममामा निघाले."

सुपातले तांदूळ हलायचे थांबले. "किती?"

"एकरी बाकीच्यांच्या तिप्पट. मले वाईट वाटून राहिलं, पण आकडा आकडा आहे." तिने मांडीवरची उजळती पाटी वळवून दाखवली. "आणि हे एक कोडं आहे. नरहरीकाकांची चिठ्ठी पेटीत नवव्या तासाला दिसते. वरच्या टोकाची, नऊ तासांत. वरच्या बांध्या मी कधी हिंडली नाही, म्हणून जुन्या पाणकरांच्या रीतीवरून हिशोब केला होता, साठ तास लागाले पाहिजे. एवढ्या लवकर पोचणारं पाणी असूच शकत नाही. पेटीतच दोष असंल. तेवढं वाचन मी काढून टाकतो."

"किती तास म्हणालीस?"

"नऊ."

सात ते चार. अंतकलाने बोटं मोजली नाहीत. वीस वर्षं तिच्या पायांनी ते नऊ तास चालले होते.

"चहा ठेवतो," ती म्हणाली आणि उठली. पण चुलीवर आधण चढलंच नाही. प्रांजली चहा न घेताच गेली.

गप्प बसणं किती सोपं होतं ते पाहा. पेटी तिचं नाव कधीच घेणार नव्हती. तिच्याकडे युरिया नव्हता, म्हणून तिची चिठ्ठीही नव्हती. शेतकऱ्यांची नावं खतावर लिहिता येतात. पाणी कोणी धावायला शिकवलं, हे लिहिणारं यंत्र अजून कोणी केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मंसारामच्या शेतावर गेली. तो गुडघाभर चिखलात उभा राहून निंदण काढत होता. त्याला कळलेलं होतं. गावात काय लपतं?

"या, पाणकरीणबाई. मी माशे मारणारा निघालो म्हणतेत. ढिवरांच्या पोटावर पाय आला माझा."

"तू खत कधी टाकतं रे?"

"तुमचं पाणी यायच्या दिवशी, सकाळी. सारेच टाकतेत. खताले पाणी पाजा लागते ना. पहिले पाणी कधी येईल त्याचा भरवसा नव्हता. आता तुमच्यापायी घड्याळ लावून टाकतो." त्याने कंबर सरळ केली. "दोन हंगाम पाणी नाही म्हणजे पोरगी बालाघाटले मजुरीले जाईल. जाऊ द्या. मशीन कायले खोटं बोलंल? तुमचा उपकार आहे बाई. तुमच्या पाण्यानं वीस वर्षं खाल्लं."

त्या उपकाराच्या शब्दावर समाधान मानून ती घरी फिरली असती तर सोपं होतं. ती चालायला लागली. शेवटच्या धुऱ्यावर चढली आणि आयुष्यात पहिल्यांदा पलीकडे उतरली. बाराच पावलं होती. तिथे कमरेइतका खोल ओघळ पडला होता, बाजू तासल्यासारख्या. माती खाऊन-खाऊन पाण्याने तो कोरलेला. ओघळाच्या टोकाला धाकटा तलाव, त्याच्यावर हिरवी साय आणि कुजका वास. तिने तोंडाला पदर लावला आणि मागे वळून वर पाहिलं.

ओघळातून पाहिल्यावर मंसारामच्या धुऱ्याचं तोंड दिसत होतं. त्यातून वरच्या धुऱ्याचं, त्यातून त्याच्या वरचं. सदऱ्याच्या गुंड्या लागाव्या तशी सगळी तोंडं एका ओळीत, आणि थेट टोकाला, पाळीवर, तुडुमाचा काळा दगड. बंदूक रोखल्यासारखी सरळ रेघ. तिनेच ती रोखली होती. मंसारामपर्यंत पाणी पोचलं की ती सगळा चढ चालत वर जाऊन दट्टा बसवी. तोवर आणि त्यानंतरही रात्रभर, ओळीतलं सगळं पाणी सकाळी टाकलेलं खत घेऊन याच ओघळातून उतरत असे. एकाच्या धानासाठी तिने ते केलं होतं आणि खाली दुसऱ्याचा श्वास कोंडला होता.

सभेच्या दिवशी ग्रामपंचायतीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रांजलीने आकडे वाचले. नरहरी उठला. "नियम म्हणजे नियम. मंसाराम आपलाच माणूस आहे, पण..."

"नववा तास वाच," अंतकला मागून म्हणाली.

प्रांजली गोंधळली. "मावशी, ते वाचन मी..."

"वाच ना बाई."

प्रांजलीने वाचलं. अंतकला पावडं घेऊन पुढे आली. अंगण सारवलेलं होतं. त्यावर पात्याच्या टोकाने तिने अकरा आडव्या रेघा ओढल्या आणि मधून एक उभी. "हा माझ्या सासऱ्याचा रस्ता," म्हणत शेजारी तिने एक नागमोडी रेघ काढली. "अडीच दिवस. आणि हा माझा. नऊ तास. पेटी बिघडलेली नाही. मी बिघडवलं. तोंडं सरळ मी पाडली. मंसारामच्या बांधीत खत उरंलच कसं? पासष्ट एकराचं पाणी त्याच्या दोन एकरावरून नांगरत जाते. पेटीले त्याचं नाव दिसते, कारण माझं नाव लिहाले तिच्यापाशी चिठ्ठी नाही. लिहा आता."

नरहरी म्हणाला, "म्हणजे वीस वर्षं आपण चुकीच्या माणसाची वाहवा केली. पावडं ठेवा बाई."

तिने ठेवलं. पण ती हलली नाही. "ठेवलं. आता दुसरं ऐका, भाऊजी. मंसारामचं एकरी तिप्पट असंल, पण एकूण खत तलावात कोणाचं सगळ्यात जास्त गेलं? प्रांजली, ते वाचलं नाहीस तू."

प्रांजलीने पाटीवर बोट फिरवलं. "नरहरीकाकांचं. अठरा एकर आहे ना. एकूण चौथा हिस्सा."

"खालच्या बांध्या अडवतेत असं वाटत होतं ना तुम्हाले? माझ्या सरळ रस्त्यानं त्यांले अडवू नाही दिलं," अंतकला म्हणाली. "तोंडं मी परत वाकडी केली तं तलाव वाचंल, पण मंसाराम परत वाळंल. दोन्ही नाही होऊ देणार. त्याले वेगळा पाट पाहिजे, बांध्यांच्या बाजूनं, हातभर रुंद, थेट त्याच्या शेतात. त्याचं पाणी सगळ्यात पहिले. आणि तो पाट तुमच्या जमिनीच्या कडेनंच निघते."

"माझ्या जमिनीतून?"

"तुमच्या नावाच्या चिठ्ठ्या तिकडे पोचल्याच आहेत. पाटाले काय लाज?"

हसू फुटलं. नरहरी लाल झाला. पण ज्या गावाला तो वीस वर्षं हसवत आला होता तेच आता त्याच्यावर हसत होतं, आणि असल्या माणसाला तेवढंच कळतं. पाट देतो म्हणून त्याने अंगठा केला. सही येत असूनही अंगठाच केला, रागाने.

मंसाराम डोकं खाली घालून बसला होता. रायवंता उभी राहिली. अंतकलाला वाटलं, ही आता खांद्यावर हात ठेवेल.

"वीस वर्षं," रायवंता म्हणाली. "बारा पावलं होती, अंते. एकदा खाली उतरून बघितलं असतंस."

आणि ती निघून गेली. तिचं खोटं काय होतं?

मंसारामची शिक्षा रद्द झाली आणि पावडं दुसऱ्या कोणाला द्यायचं ठरलं. कोणी घेईना. सरळ रस्त्याने पाणी कोणीही पळवील. ते हिंडवायला डोकं लागतं. पौषात मंसाराम स्वतः पावडं घेऊन तिच्या ओसरीवर आला आणि भिंतीला टेकवून गेला.

त्या उन्हाळ्यात बावन्न वर्षांची ती बाई एकेक धुरा हिंडली. सासऱ्याची तोंडं कुठे होती ते जुन्या लोकांना विचारत, मातीत हात घालून शोधत. एक उजवीकडे, एक डावीकडे. सरळ तोंडं तिने स्वतः बुजवली, वर चढून पायांनी दाबली. प्रांजलीने तिच्यासोबत बसून नवी रीत घातली. आधी बांधीतलं पाणी उतरवायचं, ओल्या चिखलात खत द्यायचं, तीन दिवस तुडुमाला हात लावायचा नाही. चिखल युरिया धरून ठेवतो, मुळं तो पितात, मग पाणी. शेतकरी कुरकुरले. पुढे हंगामात त्यांच्या ध्यानात आलं की पाच पोत्यांचं काम तीन पोत्यांत होतंय, आणि कुरकुर बंद झाली. इतकी वर्षं जे खत मासे मारत होतं ते मुळात धानाच्या तोंडचं होतं, हे कळायला एवढा खटाटोप लागला.

रोवणीनंतरच्या पहिल्या पाळीला तिने आधी पाटाचा दट्टा काढला. मंसारामची बांधी सकाळीच भरली. मग उरलेलं पाणी तिने बांध्यांत सोडलं आणि त्याच्याबरोबर चालली. पाणी हिंडत होतं. एका कोपऱ्यात रेंगाळायचं, धानाच्या चुडाभोवती फिरायचं, मग दुसऱ्या कोपऱ्याशी जाऊन विचार केल्यासारखं थांबायचं. पहिल्या दिवशी ते चौथ्या धुऱ्यापर्यंत आलं. परगावचा एक पाणकर बघायला आला होता. कंटाळून दुपारी निघून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी शेवटच्या धुऱ्याशी आलं, निवळ, बोटभर. तिने पातं बुडवलं, हात कपाळाला लावला आणि धुरा ओलांडला.

ओघळात गवत उगवलं होतं. तलावावरची साय गेली नव्हती, पण मधोमध फाटली होती आणि फटीतून काळं पाणी दिसत होतं. असल्या जखमा एका हंगामात भरत नाहीत. प्रांजलीच्या हिशोबाने आणखी पाच-सहा वर्षं. पण काठाशी देवधानाची चार पाती वर आली होती. रायवंता आणि टोलीच्या तीन बाया छातीभर पाण्यात जाळं लावत होत्या. एक बाई कमी होती. जाळ्याचं एक टोक खुंटाला बांधलेलं.

वर्षभर रायवंता तिच्याशी बोलली नव्हती. आताही तिने वर पाहिलं नाही. "किती दिवस लागले?" तिने विचारलं.

"तीन."

"हळूच आलं मग."

"हळूच."

रायवंताने खुंटाचं टोक सोडलं, दोरी दोनदा मनगटाला गुंडाळून उलगडली आणि काठाकडे फेकली.

"धर," ती म्हणाली. "आणि ओढू नको. माशाले वाटू दे की पाणीच आहे."

अंतकलाने पावडं काठावर ठेवलं, लुगडं खोचलं आणि दोरी धरून पाण्यात उतरली.